पाचशे रुपयांची बाग

मुलांनो, फुले तुम्ही रोज पाहता. दारातली जास्वंद, बाजारातले झेंडूचे ढीग, लग्नातला सेहरा, दर्ग्यावरची फुलांची चादर, शेजारच्या घरातल्या देवाचा हार. पण फुलांचे प्रदर्शन तुम्ही पाहिले आहे का? नसेल, तर या पाठात आपण एका प्रदर्शनाला जाऊ. मात्र नुसते पाहून परत यायचे नाही. एक काम बरोबर घेऊन जायचे आहे.

समजा, तुमची शाळा सांगली जिल्ह्यात पलूसला आहे. शाळेच्या मागे, हातपंपाजवळ, जमिनीचा एक मोकळा तुकडा आहे. वीस पावले लांब आणि आठ पावले रुंद. तेथे बाग करायची असे तुमच्या वर्गाने ठरवले आहे. मुलामुलींनी घरून थोडे थोडे पैसे आणले आणि पाचशे रुपये जमले. तुमच्या आधीच्या वर्गांनीही हा प्रयत्न केला होता. जूनमध्ये रोपे लावली, दिवाळीला फुले आली आणि मे महिन्याच्या सुटीत सारी बाग वाळून गेली. एकदा नव्हे, दोनदा असे झाले. म्हणून मुख्याध्यापकांनी या वेळी स्पष्टच सांगितले आहे, "ही शेवटची संधी. पुन्हा बाग वाळली, तर त्या जागेवर सायकलींसाठी शेड बांधू."

आता बोला! पाचशे रुपयांत कोणती झाडे आणाल?

पलूसच्या आसपास झाडे लावण्याची हिंमत नवी नाही. शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला कारखाना घेऊन बेळगावहून तेथे आले. औंध संस्थानच्या राजांनी त्यांना जागा दिली. जागा कसली, निवडुंगाने भरलेला माळच तो! निवडुंग तोडायचा आणि साप हाकलायचे, येथून कामाला सुरुवात झाली. त्याच माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले, कामगारांची घरे उभी राहिली, फुलझाडे लागली. पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव आहे 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब. कारखानदाराच्या पुस्तकाला असे नाव का, हे किर्लोस्करवाडीचा जुना माळ आठवला की लगेच कळते.

आपल्याला मात्र जायचे आहे पुण्याला. तेथे एम्प्रेस गार्डन नावाची मोठी बाग आहे. दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, त्या बागेत फुलांचे प्रदर्शन भरते. पलूसहून पुणे सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणून एस.टी.ची गाडी पहाटे साडेचारलाच शाळेसमोर उभी आहे. थंडी मी म्हणते आहे. कोणी शाल पांघरली आहे, कोणी कानटोपी घातली आहे. बाईंनी हजेरी घेतली आणि गाडी निघाली. कराड येईपर्यंत निम्मा वर्ग पुन्हा झोपला. साताऱ्याजवळ उजाडले आणि अजिंक्यतारा किल्ला दिसू लागला, तेव्हा डबे उघडले. चपाती, अंड्याची पोळी, गूळ-शेंगदाणे. पुढची हकिकत सांगत नाही. गाडीत जे होते तेच झाले : गाणी, भेंड्या आणि खिडकीसाठी भांडण.

साडेनऊला आपण बागेच्या दारात आलो. तिकिटे काढून आत शिरलो. 'एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी. उर्दूत तुम्ही मलिका म्हणता. १ जानेवारी १८७७ रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. तिच्या त्या पदवीवरून बागेला हे नाव पडले. बाग सुमारे ३९ एकरांची आहे. आत गेल्यावर आधी फुलांकडे धावू नका. मान वर करून झाडे पाहा. येथे गारंबीचा एक जुना, प्रचंड वेल आहे. माणसाच्या कमरेएवढ्या जाड वेलाने झाडांवर झुले टाकले आहेत. त्याच्या शेंगा हातभर नव्हे, चांगल्या मीटरभर लांब होतात. वेल म्हटले की आपल्याला नाजूक जाई-जुई आठवते. गारंबी पाहिल्यावर तो समज पार बदलतो.

आता प्रदर्शनाच्या मांडवात चला. पहिल्यांदा डोळे दिपतात, हे खरे. कुंड्यांच्या रांगाच रांगा. पिटुनिया, फ्लॉक्स, साल्व्हिया, डालिया, पॅन्सी. जांभळा, शेंदरी, पिवळा, पांढरा. एकही पान वाळलेले नाही. एकही कुंडी मळलेली नाही. "ही खरी फुले आहेत की कागदाची?" असे एका मुलाने विचारलेच. खरी आहेत. परंतु हे सारे आपोआप झालेले नाही. जानेवारीत फुले हवीत म्हणून पावसाळा संपता संपता बी पेरावे लागते. रोपांचे शेंडे खुडावे लागतात, म्हणजे त्यांना फांद्या फुटतात. कुंडी रोज थोडी फिरवावी लागते, नाही तर रोप उन्हाच्या बाजूला झुकते. चार महिन्यांचे काम चार दिवसांसाठी केलेले असते.

पुढे गुलाबांचे दालन आहे. येथे झाडे नाहीत. एकेका बाटलीत एकेक फूल ठेवले आहे. बाटलीजवळ चिठ्ठी आहे आणि काही चिठ्ठ्यांवर बक्षिसाची खूण आहे. तुम्हाला वाटेल, सर्वांत मोठ्या फुलाला पहिले बक्षीस मिळत असेल. तसे नसते. परीक्षक पाकळ्यांची ठेवण पाहतात, रंग पाहतात, देठ सरळ आहे का पाहतात, पाने निरोगी आहेत का पाहतात. पूर्ण उमललेल्या फुलापेक्षा अर्धवट उमललेले फूल चांगले समजतात. कारण त्याचे रूप अजून पुढे वाढणार असते. आता वाकून वास घ्या. काही येत नाही ना? नवे गुलाब मोठे दिसावेत, जास्त दिवस टिकावेत म्हणून तयार केले. त्या नादात पुष्कळ जातींचा सुगंध हरवला. गुलकंदाला, अत्तराला लागतो तो गावठी गुलाब दिसायला साधा, दोन दिवसांत गळणारा. पण माझे मत विचाराल तर गुलाब म्हणावा तो त्यालाच!

'गुलाब' हा शब्द तुम्ही जाणताच. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. मूळ फारसीत गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, फूल नव्हे. मराठीत ते फुलाचेच नाव झाले. मग त्या पाण्याला काय म्हणायचे? आम्ही म्हणू लागलो, गुलाबपाणी. म्हणजे पाणी दोनदा आले! बागेच्या कामातले कितीतरी शब्द मराठीने असेच फारसीतून घेतले. बाग, बगीचा, गुलदस्ता, गुलछडी. तुम्ही ज्याला गुल-ए-अब्बास म्हणता, ती आमची गुलबक्षी. तुमची गुल-ए-दाऊदी, ती आमची शेवंती. तुमचा गेंदा, तो आमचा झेंडू. 'कलम' हा शब्द तर फारच गमतीचा आहे. उर्दूत लेखणीला कलम म्हणतात आणि लावायच्या फांदीलाही कलम म्हणतात. मराठीतही तसेच. दोन्ही तिरप्या कापून तयार करतात, हे लक्षात घ्या.

बागांची आवडही अशीच इकडून तिकडे गेली. बाबर बादशहा हिंदुस्थानात आला, तेव्हा येथील उन्हाळ्याला फार कंटाळला होता. तरी आपल्या आठवणींच्या पुस्तकात, 'बाबरनामा'मध्ये, त्याने येथील जास्वंद आणि कण्हेर यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. मोगल बादशहांनी चार भागांच्या बागा केल्या, म्हणजे चारबाग. मधोमध पाण्याचे पाट, बाजूंनी झाडे. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा अशाच बागेत उभा आहे.

इकडे या. या भिंतीवर बोगनवेल चढवली आहे. तिचे फूल कोणते, सांगा पाहू? ते गुलाबी भाग दाखवू नका. ती पाकळ्या नव्हेत, रंगीत पाने आहेत. त्यांच्या मधोमध पांढरट, नळीसारखे इवलेसे दिसते ना, ते खरे फूल. ही वेल दक्षिण अमेरिकेतली. १७६७ साली ब्राझीलमध्ये एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती पाहिली. आपल्या जहाजांच्या प्रमुखाचे, बोगनव्हिल याचे, नाव तिला मिळाले. झेंडूही तसाच दूरचा, मेक्सिकोचा. झेंडूशिवाय आज आपल्याकडे दसरा होत नाही. पण पाचशे वर्षांपूर्वी येथे झेंडू कोणाला ठाऊकही नव्हता.

बोन्सायच्या टेबलाशी मुलांची सर्वांत जास्त गर्दी आहे. पसरट ताटलीत वीतभर उंचीचा वड. त्याला पारंब्यासुद्धा आहेत! मुळे छाटून, फांद्यांना तार गुंडाळून, वर्षानुवर्षे काळजी घेऊन असे झाड घडवतात. एक दिवस पाणी चुकले, तर कित्येक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. कोणाला हे झाड सुंदर वाटते, कोणाला त्याची दया येते. वर्गात यावर जरूर वाद घाला. शेजारी जपानी पद्धतीची पुष्परचना आहे. तिला इकेबाना म्हणतात. तीन फुले, एक वाकडी फांदी आणि पुष्कळशी मोकळी जागा. आपल्या हारात जागा मोकळी सोडली तर फूलवाल्याशी भांडण होईल. येथे मोकळी जागाच महत्त्वाची!

दुपारचा एक वाजला. आता आपल्या कामाकडे वळू. बागेतच रोपांची दुकाने लागली आहेत. तुमच्यापैकी एक मुलगी पिटुनियाच्या कुंडीपाशी केव्हाची उभी आहे. कुंडीत पान दिसत नाही इतकी फुले आहेत. ती म्हणते, "बाई, ह्याच घेऊ या. आपली बाग एका दिवसात तयार होईल." अर्धा वर्ग तिच्या बाजूचा. एका मुलाला गडद लाल गुलाबाचे कलम हवे आहे. त्याच्या बाजूला उरलेला अर्धा वर्ग. कालवा वाढतो. शेवटी बाई एका वयस्कर माळीकाकांकडे सर्वांना घेऊन जातात आणि सारी हकिकत सांगतात.

काका हातातली खुरपी खाली ठेवतात. पहिला प्रश्न विचारतात तो फुलांचा नव्हेच.

"मे महिन्यात शाळेला सुटी किती?"

"दीड महिना, काका."

"मग ह्या पिटुनिया विसरा. ही हंगामी फुले. तुमची परीक्षा संपायच्या आत ही संपतील. बाग तयार होईल एका दिवसात आणि जाईलही तशीच. बरं, माती कशी आहे?"

"काळी. नदीकाठची."

"काळ्या मातीत पाणी साचून राहते. तशात गुलाबाची मुळे कुजतात. गुलाब लावायचाच तर खड्डा घ्या, त्यात वाळू आणि शेणखत मिसळा, वरचेवर छाटणी करा. होईल, पण कष्ट पुष्कळ. आणि उन्हाळ्यात त्याला पाणी हवेच."

गुलाब मागणारा मुलगा हिरमुसतो. काका त्याला जवळ बोलावतात. गुलाबाच्या रोपाची खालची गाठ दाखवतात. "हे बघ बाळ, खालचे मूळ जंगली गुलाबाचे आणि वरचा डोळा चांगल्या गुलाबाचा. डोळा भरून दोन्ही एक केले." मुलगा म्हणतो, "आमच्या द्राक्षबागेत पण असेच करतात! खाली डॉगरीज लावतात आणि वर द्राक्षाचे कलम बांधतात." काका खूश होतात. "मग तुला मी काय शिकवणार? डॉगरीज का लावतात, ते घरी वडिलांना विचार. पाणी कमी असले, खारट असले, तरी ते मूळ तग धरते. झाडाची पारख मुळावरून करायची."

मग काका एकेक नाव सांगतात आणि तुम्ही वहीत लिहून घेता. बोगनवेल दोन, एकदा मुळे धरली की तिला थोडे पाणी पुरते, उलट पाणी फार झाले तर फुले कमी येतात. मोगरा दोन; तो ऐन उन्हाळ्यात फुलतो. पांढरा चाफा, ज्याला उर्दूत गुलचीन म्हणतात, तो विकत घेऊच नका. गावात कोणाच्या तरी दारात असेल. त्याची फांदी मागून आणा, आठ दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा. मात्र त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. जास्वंदीचीही फांदी लागते. गुलबक्षीचे काळे बी मिऱ्यासारखे असते. मूठभर पेरले की झाले. उन्हात वरचे झाड वाळले तरी तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

"आणि कण्हेर?" एकजण विचारतो. "तिला तर पाणी लागतच नाही."

"खरे आहे. पण कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. पान, फूल, बी, सारे. तुमच्या शाळेत पहिलीची मुले असतील. रस्त्याच्या कडेला कण्हेर शोभते, लहान मुलांच्या अंगणात नको."

दोन बोगनवेली आणि दोन मोगरे घेऊनही पैसे उरले. पिटुनियावाली मुलगी अजून आशेने पाहते आहे. "उरलेल्या पैशांत एक तरी कुंडी?" तेव्हा काका म्हणतात, "ते पैसे घरी न्या आणि गावच्या कुंभाराकडून मडकी घ्या. कच्ची नको, भाजलेली. पण रंग न दिलेली. प्रत्येक झाडाजवळ एक मडके गळ्यापर्यंत पुरा. पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. मडके झिरपते. मुळांना हवे तेवढे पाणी हळूहळू मिळते. रोज पाणी घालायची गरज नाही. आणि तुमच्याकडे ऊस आहे ना?"

"ऊसच ऊस आहे!" सारा वर्ग एकदम ओरडतो.

"मग पाचट जाळू देऊ नका. झाडांच्या बुंध्याशी त्याचा जाड थर द्या. ऊन मातीला लागणार नाही. पाणी उडून जाणार नाही."

बाईंनी फळ्याशिवायच तेथे गणित मांडले. चार रोपे, शिवाय चाफा आणि जास्वंद. सहा मडकी. चार दिवसांतून एकदा भरायची. सुटीचे पंचेचाळीस दिवस म्हणजे बारा खेपा. वर्गात मुले अडतीस. तिघांनी मिळून एक खेप करायची, तरी कोणालाही सुटीत एकदाच शाळेत यावे लागेल. दोन मुले तर शिल्लक राहतात. कोणी आजारी पडले, पाहुण्यांकडे गेले, तर त्यांनी जायचे.

निघताना काकांनी एक गोष्ट केली. पिटुनियाचे एक वाळलेले बोंड त्यांनी तळहातावर चुरले. धुळीसारखे बारीक बी पडले. ते कागदात बांधून त्यांनी त्या मुलीच्या हातात दिले. "सप्टेंबरच्या शेवटी पेर. बियांवर माती टाकू नको, नुसते दाबायचे. फुले तुझी तू काढ." तिने पुडी कंपासपेटीत ठेवली आणि पेटी गाडीभर हातातून सोडली नाही.

परतीच्या वाटेवर मोगऱ्याची रोपे दोघांच्या मांडीवर आहेत आणि बोगनवेलीचे काटे सर्वांना टोचत आहेत. बाईंच्या वहीत पाळीचा तक्ता तयार होतो आहे. सुटीतली शेवटची खेप कोणालाही चालेल, कारण तेव्हा वळवाचा पाऊस पडलेला असतो. भर उन्हातली पहिली खेप कोणी घ्यायची, यावर गाडीत वाद चालू असतानाच कराड मागे पडते.

शब्दार्थ
थंडी मी म्हणणे – फार कडक थंडी असणे. पार – पूर्णपणे. डोळे दिपणे – चकित होणे. ठेवण – रचना. खुडणे – बोटांनी तोडणे. तग धरणे – टिकून राहणे. हिरमुसणे – नाराज होणे. पाचट – उसाची वाळलेली पाने. झिरपणे – थेंब थेंब बाहेर येणे. वळवाचा पाऊस – उन्हाळ्याच्या अखेरीस पडणारा पाऊस.

स्वाध्याय
१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शाळेतली बाग दोनदा का वाळली?
(आ) बोगनवेलीचे खरे फूल कोठे असते?
(इ) माळीकाकांनी कण्हेर लावू नका असे का सांगितले?
२. गुलाबाचे कलम आणि द्राक्षाचे कलम यांत सारखे काय आहे, ते पाच-सहा ओळींत लिहा.
३. तुमच्या घराजवळच्या पाच फुलांची नावे उर्दूत आणि मराठीत लिहा. जी नावे दोन्ही भाषांत सारखी आहेत, त्यांना गोल करा.
४. बोन्साय तुम्हाला आवडले असते का? का, ते वर्गात सांगा.
५. एक लहान मडके पाण्याने भरून कोरड्या मातीत पुरा. पाणी किती दिवस टिकते, ते रोज मोजून वहीत लिहा.